गिरणीवाल्याचा मुलगा

कॉलेजात असताना 'बाबा काय करतात?' या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर असायचं : 'बिझनेस.' पिठाची गिरणी आहे, एक चक्की गव्हाची, एक ज्वारीची, आणि बाबांच्या पापण्याही कायम पांढऱ्या, हे कोण सांगणार? पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये शिरलो, कऱ्हाडजवळच्या आमच्या गावातली गिरणी धाकट्या भावानं सांभाळली. विषय संपला. निदान मला तसं वाटत होतं.

तर मंडळी, गेल्या मे महिन्यात ऑफिसच्या कामासाठी लंडनला होतो. पहिल्या वीकेंडला नॅशनल गॅलरीत जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' पाहिलं. उथळ पाण्यात उभी घोडागाडी, डावीकडे एक जुनं घर, वर ढगांनी भरलेलं आभाळ. 1821 सालचं चित्र. ते घर अजून उभं आहे आणि तिथवर चालत जाता येतं, असं कळलं. म्हटलं, पुढचा शनिवार फिक्स!

लिव्हरपूल स्ट्रीटहून मॅनिंगट्री, ट्रेननं साधारण तासभर. तिथून पायवाट स्टूर नदीच्या काठाला लागते. एसेक्स आणि सफोक या दोन परगण्यांची हद्द म्हणजे ही नदी. हरिश्चंद्रगडवाल्यांनो, इथे चढ-बिढ विसरा. ट्रेक म्हणायला लाज वाटावी इतकी सपाट वाट! कुरणात निवांत चरणाऱ्या गाई, पाण्यावर वाकलेले विलो आणि चिखल मात्र एकदम अस्सल. तासाभरात फ्लॅटफोर्ड येतं.

समोर लाल विटांची मोठी इमारत. माहितीचा फलक वाचला आणि उडालोच. ही गिरणी! आणि मालक कोण, तर गोल्डिंग कॉन्स्टेबल, म्हणजे चित्रकाराचे वडील. धान्याचे व्यापारी. डेडमची गिरणीही त्यांचीच. पीठ नदीतून पडावांनी खाली जायचं आणि पुढे जहाजानं लंडनला.

जॉनचा जन्म 1776 चा, शेजारच्या ईस्ट बर्गहोल्ट गावातला. थोरला भाऊ धंदा सांभाळण्याच्या स्थितीत नव्हता, त्यामुळे गिरणी जॉननंच चालवायची, असं घरात धरलेलं. काही काळ त्यानं ते कामही केलं. पण डोक्यात चित्रं! अखेर 1799 मध्ये वडिलांनी नाखुशीनं थोडे पैसे देऊन त्याला लंडनच्या रॉयल अकॅडमीत पाठवलं. आणि गिरणी? ती पुढे सांभाळली धाकट्या भावानं, एब्रमनं.

इथे मी बाकावर बसलो. पाय दुखत नव्हते.

'द हे वेन'मधलं घर पाण्यापलीकडे तसंच आहे, विली लॉटचं घर म्हणतात त्याला. चित्रात गिरणी शोधाल तर सापडणार नाही, कारण चित्रकार स्वतःच गिरणीपाशी उभा आहे! गंमत म्हणजे हे सहा फुटी चित्र त्यानं रंगवलं लंडनच्या स्टुडिओत, इथली जुनी स्केचेस समोर ठेवून. त्याच वर्षी एका मित्राला त्यानं लिहिलं, की बांधावरून पडणारं पाणी, कुजक्या फळ्या, शेवाळलेले खांब, यांनीच मला चित्रकार केलं. हे चित्र त्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात विकलं गेलं नाही. 1824 मध्ये पॅरिसमध्ये मात्र त्याला सुवर्णपदक मिळालं. पठ्ठ्या ते घ्यायलाही फ्रान्सला गेला नाही. इंग्लंडबाहेर तो कधी गेलाच नाही.

पुढे डेडमपर्यंत कुरणातून अर्ध्या-पाऊण तासाची वाट. जॉन लहानपणी डेडमच्याच शाळेत चालत जायचा. चर्चचा जो मनोरा त्याच्या कितीतरी चित्रांत डोकावतो, तो सतत समोर. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर होतात. बूट जुने घाला आणि परतताना फ्लॅटफोर्डच्या पुलाजवळ चहा घ्या.

मला मात्र चहापेक्षा एब्रमचं एक म्हणणं जास्त लागलं. तो म्हणायचा, इतर चित्रकारांच्या गिरण्यांचं सांगता येत नाही, पण जॉननं काढलेली गिरणी बघितली की ती फिरणार, हे मला कळतं. रोज गिरणी चालवणाऱ्या भावानं दिलेलं हे सर्टिफिकेट. रॉयल अकॅडमीनं पूर्ण सदस्यत्व द्यायला 1829 साल उजाडू दिलं, तेव्हा जॉन बावन्न वर्षांचा होता.

आणि मी? चक्कीच्या दगडाला टाकी किती दिवसांनी लावतात, ते मला आठवेना. बारावीपर्यंत दर सुट्टीत मी तिथे बसलोय.

फोन लावला. भारतात संध्याकाळ, म्हणजे दळणाची वेळ. मागे चक्कीचा घरघराट.

"दादा? सगळं ठीक ना रे?"

"ठीक. दगडाला टाकी कधी लावतोस हल्ली?"

पलीकडे क्षणभर नुसती चक्की.

"तू हे विचारायला लंडनहून फोन केलास? पीठ जाडं पडायला लागलं की लावायची. बाबा नुसत्या आवाजावरनं ओळखायचे. आता त्यांना ऐकू कमी येतं, मलाच ओळखावं लागतं."

बाबांना ऐकू कमी येतं, हे मला माहीत नव्हतं.

"दिवाळीला येतोयस?" त्यानं विचारलं. गेली तीन वर्षं मी गेलो नव्हतो.

"त्याच्या आधीच येतो," म्हटलं. "टाकी माझ्यासमोर लाव."