मंचावरच्या वादकाचं काय?

हार्ड रॉक कॅफेच्या कुठल्याही शाखेत गेलं, की आधी डोळ्यांत भरतात त्या भिंती. १९७१ मध्ये आयझॅक टिग्रेट आणि पीटर मॉर्टन या दोन अमेरिकन तरुणांनी लंडनमध्ये हे रेस्टॉरंट काढलं. एरिक क्लॅप्टन तिथे नेहमी येई. त्याची गिटार त्याच्या आवडत्या जागेवर टांगली गेली, मागोमाग पीट टाउनशेंडने आपली पाठवली आणि वाद्यांनी मढवलेल्या भिंती ही या साखळीची ओळखच झाली. बर्गर, टी-शर्ट, काचेआडची गिटार हे सारं करार करून कुठल्याही शहरात उभं करता येतं. २००६ मध्ये ते वरळीला, बॉम्बे डाईंग गिरणीच्या आवारात आलं. करारातून मिळत नाही ते त्या रात्रीचं गाणं. ते त्या शहरातल्या माणसांनीच वाजवायचं असतं. म्हणून अशा जागेची पारख तिथल्या वादकाला काय मिळतं यावरून करावी, असं मला ठामपणे वाटतं.

मुंबईने याचं उत्तम उदाहरण पाहिलेलं आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे ताजमहाल हॉटेलात आणि पुढे चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत जेवणाबरोबर जॅझ वाजत असे. वाजवणारे बहुतेक गोव्याचे, चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, त्यांतलेच. रात्री हॉटेलात वाजवणारी ही माणसं दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जात. सी. रामचंद्रांच्या संगीताला चिक चॉकलेट यांची साथ होती. १९५१ च्या ‘अलबेला’तला तो उसळता ताल आजही पाय हलवायला लावतो. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची जोडीही मुंबईच्या अशाच मंचांवर गाजली, आणि त्यांची कोंकणी गाणी गोव्यात घरोघरी गेली. हॉटेलमालकांनी काही संगीताच्या सेवेचा वसा घेतला नव्हता. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं. पण रोजचं काम आणि ठरलेला पैसा मिळाल्यामुळे वादक शहरात टिकले, एकमेकांचं ऐकून घडले, आणि त्याचा लाभ हॉटेलाची पायरीही न चढलेल्या लाखो श्रोत्यांना झाला.

यावर कुणी म्हणेल, लोक जेवायला येतात, त्यांना ओळखीची गाणी हवी असतात. खरं आहे. चर्चगेटलाही अमेरिकेतल्या गाजलेल्या धुनाच वाजत, आणि त्या वाजवताना हात तयार होत. दुसऱ्याची गाणी वाजवण्याला माझा विरोध नाही. आठवड्यातल्या सगळ्या रात्री तीच वाजली, तर मात्र त्या मंचावरून नवं काही निघणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्वतंत्र संगीतावर धंदा चालत नाही. ब्लू फ्रॉग हे थेट संगीताचं ठिकाण २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये सुरू झालं. ध्वनियंत्रणेपासून बसण्याच्या रचनेपर्यंत सगळं तिथे संगीतासाठी आखलेलं होतं. तरी मुंबईतलं ते ठिकाण २०१६ मध्ये बंद पडलं. याची हळहळ अनेक वादकांना अजून वाटते. पण याच कारणाने साखळीवरची जबाबदारी मला मोठी वाटते. जिचा गल्ला जेवण आणि टी-शर्टवर भरतो, तिला आठवड्यातली एक रात्र स्थानिक बँडच्या स्वतःच्या गाण्यांना देणं परवडतं. हार्ड रॉकच्या इथल्या शाखांनी गुरुवारच्या रात्री असे बँड वाजवलेले आहेत, तेव्हा ही मागणी हवेतली नाही.

राहिला आवाजाचा प्रश्न. धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने तरुण बँडना मोठा श्रोतृवर्ग दिला, पण रुग्णालयाशेजारचा तो परिसर शांतता क्षेत्रात आल्यावर तिथलं संगीत थांबलं. रुग्णालयाशेजारी शांतता हवीच, त्यात तडजोड नको. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियमही योग्य आहे. मग बँडने जायचं कुठे? आवाज बाहेर जाणार नाही अशी बंदिस्त खोली हवी, आणि ती बांधणं महागडं काम आहे. ते भांडवल साखळीकडे असतं. तिने ती खोली बांधावी, बारच्या विक्रीशी न जोडलेलं मानधन वादकांना आधी ठरवून द्यावं आणि दारावरच्या फलकावर रात्रीच्या खास पदार्थाच्या वर त्यांचं नाव लिहावं.