विश्लेषण : कृत्रिम पावसाच्या प्रयोगाने दिल्लीची हवा खरेच सुधारली का?

दिल्लीत २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आयआयटी कानपूरच्या पथकाने विमानातून ढगांवर रसायनांची फवारणी केली. पाऊस जवळपास पडलाच नाही. तरी प्रदूषण घटल्याचा दावा दिल्ली सरकारने केला. हा दावा आकडेवारीच्या कसोटीवर टिकतो का?

दावा काय आहे?

फवारणीपूर्वी मयूर विहार, करोल बाग आणि बुराडी येथे पीएम २.५ ची पातळी अनुक्रमे २२१, २३० आणि २२९ होती. पहिल्या फवारणीनंतर ती २०७, २०६ आणि २०३ झाली. म्हणजे सुमारे ६ ते ११ टक्के घट.

मग अडचण कुठे?

फवारणी दुपारी झाली. या दिवसांत दुपारी ऊन तापले की जमिनीलगतची हवा वर उठते, धूलिकण विखुरतात आणि आकडे एरवीही उतरतात. रात्री ते पुन्हा चढतात. त्यामुळे घट फवारणीची की उन्हाची, हे केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

तीन ठिकाणच्या नोंदी पुरेशा नाहीत?

नाहीत. तिन्ही ठिकाणी ऊन आणि वारा त्याच दिवसाचा. एकाच सेन्सरच्या लागोपाठच्या नोंदीही एकमेकींवर अवलंबून असतात. नोंदी शेकडो असल्या तरी प्रयोगाचा दिवस एकच. प्रत्येक नोंद स्वतंत्र पुरावा मानली, तर योगायोगही ठोस निष्कर्ष वाटू लागतो.

योग्य पद्धत कोणती?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात २७६ ढगांवर अभ्यास केला. काही ढगांवर फवारणी झाली, काही तसेच सोडले. ही निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, यादृच्छिक होती. दोन्ही गटांच्या तुलनेतून १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस पडल्याचे दिसले.

दिल्लीत काय करता येईल?

सारख्या हवामानाचे अनेक दिवस निवडून त्यातल्या काहीच दिवशी फवारणी करायची. प्रत्येक दिवसाच्या त्याच तासांतील घट हा एक आकडा धरायचा आणि दोन्ही गटांची तुलना करायची. फवारणीच्या दिवसांची घट ठळकपणे जास्त निघाली, तरच श्रेय फवारणीला. अन्यथा करदात्यांचा पैसा दुपारच्या उन्हाचे श्रेय घेण्यात जाईल आणि दिल्लीकरांच्या श्वासात फरक पडणार नाही.