इसार द्या, पण पीककर्जातून नको

धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की आपल्याकडे प्लॉटची बोलणी सुरू होतात. पोरांच्या शिक्षणासाठी गोंदियात दोन खोल्या असाव्यात, ही इच्छा काही वाईट नाही. वाईट आहे ती घाई. मंडईला आलेल्या सोयऱ्याने गोष्ट काढायची आणि आठ दिवसांत इसार देऊन मोकळे व्हायचे, हे काही खरे नाही.

इसाराचा पैसा येतो कोठून? पुष्कळदा पीककर्जातून. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राच्या व राज्याच्या व्याज सवलतीमुळे ते जवळजवळ बिनव्याजी पडते. पण ते खत, बियाणे आणि रोवणीच्या मजुरीसाठी आहे. ते प्लॉटमध्ये अडकले की मुदत टळते, सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला बँक नवे कर्ज देत नाही. मग सावकाराचे दार. शेकडा 3 रुपये महिन्याने 2 लाख उचलले, तर वर्षाचे व्याजच 72 हजार. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. त्या भावाने 31 क्विंटलांहून जास्त धान नुसत्या व्याजात गेले! मुद्दल जागच्या जागी.

यावर उपाय एकच : आधी बचत, मग इसार. नोकरदाराला महिन्याला पगार येतो, आपल्याला हंगामाला पैसा येतो. म्हणून बचतही हंगामाचीच करावी. चुकारे आले की पहिल्याने पीककर्ज फेडावे, घरखर्च व बियाण्याचे बाजूला काढावे आणि उरलेल्यातून बँकेत किंवा पोस्टात मुदत ठेव टाकावी. घरच्या बाईचा बचत गट असेल तर तिलाही या हिशेबात बसवा. घर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. बाकीची पदरची लागते. मुद्रांक व नोंदणीचा खर्च धरून चाला.

इसार देण्याआधी कागद पाहा. सातबारा व फेरफार तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, तपासून घ्या. जमीन अकृषक झाली आहे काय? भोगवटादार वर्ग 2 ची आहे काय? देवरी-सालेकसाकडे तर हेही विचारा, की मूळ मालक आदिवासी आहे काय; कारण तशी जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा असला तरी त्याच्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत, म्हणून दुय्यम निबंधकाकडे जाऊन आजचा नियम विचारावा. इसार साध्या चिठ्ठीवर देऊ नये. लेखी करार करावा, रक्कम चेकने द्यावी.

प्लॉट दोन वर्षे उशिरा झाला तरी चालेल. रोवणी मात्र पंधरा दिवस उशिरा झालेली चालत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.