सगळं ऑनलाईन आहे म्हणे!

गेल्या रविवारी भाची जेवायला आली होती. कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मेडिकल ऑफिसर आहे. मी आमरस वाढत होते तेवढ्यात म्हणाली, "मावशी, तुझ्या लायब्ररीचा परीक्षा हॉल केला ना? बरंच झालं. तसंही आता सगळं ऑनलाईन असतं."

माझा डाव पातेल्यातच राहिला.

एकतीस वर्षं मी एका वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळलं. निवृत्त झाले आणि माझी जागा भरलीच नाही. कारण? हेच. सगळं ऑनलाईन आहे! भाचीचा दोष नाही, बिचारी कानावर पडतं तेच बोलली. पण मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. तेव्हा आज थोडं भांडणार आहे. नातेवाईकांनी सांभाळून घ्यावं :-)

आधीच सांगते, मी संगणकाला घाबरणारी बाई नाही. मेडलाईनच्या सीड्या यायच्या तेव्हापासून मी शोध घेतेय. १९९७ साली पबमेड सगळ्या जगाला फुकट खुलं झालं तेव्हा मी ग्रंथालयात पेढे वाटले होते. (शिपायाला वाटलं, माझी बढती झाली.) माझं भांडण यंत्राशी नाही. यंत्र घेतलं की माणूस लागत नाही, या समजुतीशी आहे.

तर जेवण झाल्यावर भाचीला म्हटलं, तुमच्याकडे विंचू चावलेले पेशंट येतात, त्यावरचं संशोधन शोधून दाखव. तिने फोनवरच्या एआयला विचारलं. अर्ध्या मिनिटात छान सुटसुटीत उत्तर आणि खाली पाच संदर्भ. मी एकेक तपासत बसले. दोन खरे निघाले. एक लेख खरा, पण नियतकालिक भलतंच. उरलेले दोन... नव्हतेच! लेखकांची नावं होती, वर्ष होतं, पानांचे आकडेसुद्धा होते. फक्त लेख कुणी लिहिलेला नव्हता.

मग ती पबमेडवर गेली आणि लाल विंचवाचं शास्त्रीय नाव टाकलं, मेसोब्युथस टॅम्युलस. बरेच लेख आले, ती खूश. मी विचारलं, आणि बाकीचे? कारण याच विंचवाला आधी ब्युथस म्हणायचे, आता हॉटेनटोटा म्हणतात. विंचू तोच, दगडाखालचा. आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा लॅन्सेटमधला १९८२ चा लेख तर साध्या 'रेड स्कॉर्पिअन' नावाने आहे. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतो का, हे ७० रुग्णांवर पाहिलेला त्यांचा अभ्यास २०११ च्या बीएमजेत आहे. तिच्या केंद्रापासून महाड काही लांब नाही, पण तिला हे माहीत नव्हतं.

या नावांच्या गोंधळासाठीच 'मेश' नावाची ठरलेल्या विषयशब्दांची यादी आहे. त्यात विंचूदंशाचा एकच शब्द धरला की वेगवेगळ्या नावांनी लिहिलेले लेख एका दावणीला येतात. पण नुसतं तेवढ्यावरही विसंबता येत नाही, कारण अगदी ताज्या लेखांना तो शब्द लागलेला नसतो आणि २०२२ पासून शब्द लावायचं कामही यंत्रच करतं. म्हणून दोन्हीकडून शोधायचं. हे कुणीतरी शिकवावं लागतं. आपोआप येत नाही.

"पण एखादा लेख सुटला तर काय बिघडतं?" असं आमचे एक साहेब मला तोंडावर म्हणाले होते. जून २००१ मध्ये अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्समध्ये, दम्यावरच्या एका प्रयोगात २४ वर्षांची निरोगी तरुणी गेली. तिला हेक्सामेथोनियम हुंगवलं होतं. या औषधाने फुप्फुसांना इजा होते असं सांगणारे लेख १९५० च्या दशकातच छापलेले होते. संशोधकांनी पबमेड बघितलं होतं, नाही असं नाही. पण पबमेड तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जायचं. त्याआधीचं छापील सूच्यांमध्ये होतं. त्या खंडांपर्यंत जा, असं सांगायला कुणी जाणकार त्या शोधात नव्हता. ही गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना सांगायचे.

आणि पैसा नाही असं कुणी सांगू नये. 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेत २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. उत्तम झालं, मनापासून म्हणते. पण ती सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. विंचू चावलेला माणूस जिथे आधी पोचतो, ते आरोग्य केंद्र त्यात नाही. आणि जिथे आहे तिथे दार उघडून द्यायला कोण बसलंय? २००७ मध्ये आयसीएमआरने कॉक्रेन लायब्ररी अख्ख्या भारताला खुली करून दिली, तेव्हा आमच्याच कॉलेजातल्या कितीतरी डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता. मी विभागाविभागात जाऊन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

आणि ऑनलाईन आहे ते राहतं तरी का? जानेवारी २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या सीडीसीच्या संकेतस्थळावरून आरोग्याची कितीतरी पानं एका फटक्यात काढून टाकली. फेब्रुवारीत कोर्टाने सांगितलं तेव्हा ती परत लावली. असो.

मला भव्य इमारत नको. जिल्ह्याला एक प्रशिक्षित वैद्यकीय ग्रंथपाल द्या, पगारी, एका फोनसह. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने, आशाताईने प्रश्न विचारावा आणि तपासलेलं उत्तर मिळावं, जमेल तिथे मराठीत. एका यंत्राच्या किमतीत कित्येक वर्षं निघतील.

बुधवारी रात्री भाचीचा फोन. मागच्या खोलीत जुनी रजिस्टरं सापडलीत, विंचूदंशाच्या हाताने लिहिलेल्या नोंदी, काहींना वाळवी लागलीय. रद्दीवाला उद्या येतोय, देऊन टाकू का म्हणून शिपाई विचारतोय.

म्हटलं, खबरदार हात लावलास तर. शनिवारच्या पहिल्या एसटीने येतेय मी.