साहेब, बूस्टर तर लागणारच!

"साहेब, पुढे डिस्क टाकताय ना? मग बूस्टर तर लागणारच!"

गेल्या तीन महिन्यांत हे वाक्य मी चार गॅरेजमध्ये ऐकलंय. आमच्याकडे मामांची महिंद्राची जुनी सीजे-३बी आहे. पेट्रोल, ८० इंची व्हीलबेस, वय माझ्याहून जास्त. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एकच मास्टर सिलिंडर, आणि तोही फ्लोअरखाली. एखादा ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी जातं आणि मग काही वेळ ब्रेक दाबणं म्हणजे गाडीला केलेली नम्र विनंती. ती ऐकेलच असं नाही :) डिस्क उघडी असते, लवकर सुकते. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क टाकायचं ठरवलं. इथपर्यंत माझं कुणाशी भांडण नाही. भांडण आहे ते त्या 'लागणारच' मधल्या 'च'शी.

मिस्त्रींचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हे आधी कबूल करतो. ड्रममध्ये पुढचा लायनर चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप आत खेचला जातो, म्हणजे ड्रम स्वतःच आपल्या पायाला थोडी मदत करतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. पॅड जेवढे दाबाल तेवढेच धरणार. म्हणून जुन्याच मास्टर सिलिंडरवर डिस्क चढवली की पॅडल कडक लागतं आणि माणूस ओरडतो, "ब्रेक लागत नाहीये!" यावरचा तयार उपाय म्हणजे बूस्टर.

पण बूस्टर करतो काय? एक मोठा पत्र्याचा डबा, मध्ये रबरी पडदा. एका बाजूला इंजिनाचा व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. डबा २० सेंटिमीटर व्यासाचा धरा. पडद्याचं क्षेत्रफळ झालं साधारण ३१४ चौ. सें.मी., आणि दाबातला फरक ०.६५ किलो धरला तर जास्तीत जास्त २०० किलोंच्या आसपास ढकल मिळते. उत्तमच! फक्त एक अट आहे: इंजिन चालू पाहिजे. बंद पडलं तर डब्यात साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा पॅडल दाबता येतं. नंतर तुम्ही आणि तुमचा पाय.

आता सांगा, जीपचं इंजिन बंद कुठे पडतं? एक्स्प्रेसवेवर? नाही हो. चढावर, चिखलात, लो गिअरमध्ये. म्हणजे नेमकं जिथे ब्रेक सगळ्यात जास्त हवा असतो तिथेच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला एका कच्च्या चढावर मित्राच्या जीपमध्ये बसलो होतो. डिझेल इंजिन, पुढे डिस्क, नवाकोरा बूस्टर, सगळं काम एकाच गॅरेजमधलं. लाल माती, चाकं फिरली, इंजिन बंद. त्याने ब्रेक दाबला, गाडी थांबली. सेल्फ मारताना पाय सुटला, गाडी मागे सरकली, पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी पॅडल दगड झालं होतं. दोन्ही पायांनी उभा राहिला तरी गाडी हळूहळू मागे जातच होती. खाली वळणावर आमचीच दुसरी गाडी उभी होती आणि तिच्यात त्याची आठ वर्षांची मुलगी. मी हँडब्रेक ओढला, जुन्या जीपचा तो प्रोपेलर शाफ्टवर लागतो, आणि मागचं चाक चरात रुतून गाडी थांबली. कुणी काही बोललं नाही. चहासुद्धा गार झाला.

घरी आल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो (सवय!). "बूस्टर गेला तरी साधा ब्रेक उरतोच की," असं सगळे सांगतात. हे अर्धसत्य आहे. उरतो तो बूस्टरच्या भरवशावर निवडलेला ब्रेक. साध्या ब्रेकला पॅडलचं रेशो साधारण ६ ला १ ठेवतात, बूस्टरला ४ ला १. मास्टर सिलिंडरही जाड घेतात. समजा पायाने ३० किलो जोर लावला:

मॅन्युअल: ३० × ६ = १८० किलो. पाऊण इंचाहून थोडा मोठा, म्हणजे ७/८ इंची सिलिंडर, क्षेत्रफळ ३.८८ चौ. सें.मी. दाब सुमारे ४६ किलो.

बूस्टर गेलेला: ३० × ४ = १२० किलो. सव्वा नव्हे, १ १/८ इंची सिलिंडर, क्षेत्रफळ ६.४१. दाब सुमारे १९ किलो.

जवळजवळ अडीच पट फरक! मित्राचा पाय कमजोर नव्हता, गणित त्याच्या विरुद्ध होतं.

म्हणजे 'डिस्क कडक लागते' यावर दुसराही उपाय आहे. सिलिंडर बारीक करा, पॅडलचं रेशो नीट ठेवा. एक इंचीवरून ७/८ वर आलात तर त्याच जोरात सुमारे ३० टक्के जास्त दाब मिळतो. फुकट नाही मिळत, पॅडलही तेवढंच जास्त खाली जातं. म्हणून कॅलिपर फार मोठे घेऊ नका आणि लाइनमधली एअर नीट काढा. मास्टर सिलिंडर फ्लोअरखालीच ठेवणार असाल तर डिस्कच्या लाइनला दोन पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लावा, नाहीतर ऑइल मागे उतरतं आणि पहिलं पॅडल वाया जातं. बूस्टरचा डबा मात्र तिथे खाली कोंबायचा म्हणजे चिखल, पाणी आणि सायलेन्सरची धग. नाहीतर फायरवॉल कापून लटकती पॅडल्स.

"पण बूस्टरने गाडी लवकर थांबते ना?" नाही. पायाच्या जोरावर चाकं लॉक होत असतील तर पुढचा सगळा हिशेब टायर आणि रस्त्याचा. बूस्टर कष्ट कमी करतो, अंतर नाही.

मग बूस्टर कुणीच लावू नये का? असं नाही. माझे बाबा ७१ वर्षांचे, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि जीप चालवायची हौस माझ्याहून दांडगी. त्यांच्यासाठी मी जवळजवळ हरलोच होतो. शेवटी वजनकाटा भिंतीला टेकवला, समोर खुर्ची ठेवली आणि म्हटलं, "बाबा, दाबा." काटा ४२ वर गेला. "अजून दाबू का?" म्हणाले! आमच्या गाडीचा निकाल तिथेच लागला. तुमच्या घरी काटा २० वर अडकत असेल, किंवा गाडी रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाणार असेल, तर खुशाल बूस्टर लावा. पण मग बूस्टर बंद असताना गाडी उतारावर थांबते का, हे मोकळ्या मैदानात तपासून घ्या. डिझेलला बहुतेक वेळा व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो, त्याचा पाइपही बघा.

आणि पैसे खर्चच करायचे असतील तर आधी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर घ्या. जुन्या जीपमध्ये एक होजपाइप फुटला की चारही ब्रेक जातात. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. अमेरिकेत नव्या मोटारींना दोन सर्किटं १९६८ पासून सक्तीची आहेत, आणि आपण अजून बूस्टरच्या चकाकणाऱ्या डब्यावर बोलतोय! शिवाय काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा; मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ गाडीत बदल करायला मर्यादा आहेत.

असो. पाचव्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी माझा कागद पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "साहेब, बूस्टर नको तर नको. पण पॅडल कडक लागलं तर मला बोलायचं नाही."

नाही बोलणार. कडक पॅडल मला आधीच सांगतं की जोर माझाच लागणार आहे. मऊ पॅडल ते तिसऱ्या वेळी सांगतं.