कर्ज शिक्षणाचे, खरेदी मोटारीची

शिक्षणासाठी काढलेल्या कर्जातून जुनी मोटार विकत घ्यावी काय, हा प्रश्न अमेरिकेतील असंख्य विद्यार्थ्यांपुढे प्रत्येक सत्राच्या आरंभी उभा राहतो. वरकरणी तो क्षुल्लक वाटतो. परंतु शिक्षणाचा खर्च नेमका कशाला म्हणायचे, हा मूलभूत प्रश्न त्याच्या तळाशी दडलेला आहे.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि सामान्य घरातील मुलांना महाविद्यालयाची दारे अधिक खुली झाली. आज केंद्र सरकारी कर्जाची रक्कम प्रथम महाविद्यालयाकडे जाते. शुल्क वळते करून घेतल्यावर उरलेली शिल्लक निवास, भोजन, पुस्तके व प्रवास यांसाठी विद्यार्थ्याच्या हाती पडते. प्रवासखर्चात वाहनाचे इंधन आणि देखभाल धरता येते. वाहनाची किंमत मात्र धरता येत नाही. रक्कम केवळ शैक्षणिक खर्चासाठी वापरू, असे वचन विद्यार्थ्याने कर्जरोख्यावर दिलेले असते. तथापि, हाती आलेल्या पैशाचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. पेट्रोल मान्य, पण ते ज्यात भरायचे ती मोटार अमान्य, ही विसंगती या व्यवस्थेतच आहे.

म्हणून अशा विद्यार्थ्यास उधळ्या ठरवून मोकळे होणे न्यायाचे नाही. तेथील बहुतेक सामुदायिक महाविद्यालयांत वसतिगृहे नाहीत. न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या शहरांचा अपवाद वगळला, तर अनेक ठिकाणी बस तासाने येते किंवा येतच नाही. सकाळी वर्ग, दुपारी नोकरी आणि रात्री घर या तिन्ही ठिकाणी वेळेवर पोहोचायचे, तर मोटार ही चैन राहत नाही. शिवाय पत निर्माण न झालेल्या तरुणाला वाहनकर्ज मिळते ते चढ्या व्याजाने. त्यापुढे सरकारी कर्ज स्वस्त वाटले, तर नवल नाही.

परंतु हा स्वस्तपणा फसवा आहे. २०२४-२५ या वर्षी पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावरील व्याजाचा दर ६.५३ टक्के होता. ज्या कर्जाला व्याजाची सवलत नसते, त्यावर रक्कम हाती पडल्या दिवसापासून व्याज चढते. पाच हजार डॉलरची मोटार पहिल्याच वर्षी घेतली आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर दहा वर्षे हप्ते भरले, तर एकूण आठ हजारांहून अधिक डॉलर मोजावे लागतात. घेताना दहा वर्षांची असलेली मोटार तोवर चोवीस वर्षांची झालेली असेल, म्हणजे बहुधा भंगारात गेलेली असेल. वाहनाचे कर्ज दिवाळखोरीत माफ होऊ शकते. विद्यार्थी-कर्जाच्या माफीवर मात्र १९७६ पासून बंधने येत गेली आणि १९९८ पासून असह्य हलाखी सिद्ध केल्यावाचून सरकारी कर्ज सुटत नाही. अल्पायुषी वस्तूसाठी इतके चिवट ऋण पत्करणे शहाणपणाचे नव्हे.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या विद्यार्थ्यांना ही सरकारी कर्जे मिळत नाहीत. त्यांचे कर्ज पुष्कळदा येथील बँकांचे असते. वडील सहकर्जदार असतात आणि मोठ्या रकमेसाठी राहते घरही तारण ठेवावे लागते. बस नसलेल्या त्याच गावी त्यांनाही राहावे लागते आणि मोटारीचा मोह त्यांनाही पडतो. राहणीखर्चातून मोटार घेतली आणि उरलेल्या महिन्यांचे भाडे थकले, तर त्याची झळ पुण्या-नाशकातील घराला लागते. अशा वेळी निदान घरी विचारून, विमा व दुरुस्तीसह पुरा हिशेब मांडून निर्णय घेणे इष्ट ठरेल.

उपदेशाने मात्र हा प्रश्न मिटणार नाही. गरज खरी असेल, तर तिला मर्यादा घालून उघड मान्यता देणे हाच प्रामाणिक मार्ग होय. भारतीय स्टेट बँकेच्या विद्यार्थी-कर्ज योजनेत पन्नास हजार रुपयांपर्यंतच्या दुचाकीचा खर्च एके काळी मान्य करण्यात आला होता. अमेरिकेनेही जेथे सार्वजनिक वाहतूक नाही, तेथे वाहनासाठी माफक, कमी मुदतीची आणि वेगळी रक्कम द्यावी. त्याहून बरे म्हणजे, काही विद्यापीठे शुल्कातच बसचा पास देतात तो प्रघात वाढवावा आणि महाविद्यालयापर्यंत बस पोहोचवावी. ज्या शिक्षणाच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठीच ऋण काढावे लागते, ते सर्वांना खुले आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.