क्लचचे पेडल खाली बसते तेव्हा

चौकात हिरवा दिवा लागतो, मागील गाड्यांचे भोंगे वाजू लागतात आणि आपल्या जुन्या व्हॅनचा पहिला गिअर काही केल्या पडत नाही. पेडल तीन-चार वेळा भराभर दाबले, की तो पडतो. वेळ निभावली म्हणून आपण निर्धास्त होतो. वस्तुतः ती यंत्राची पहिली सूचना होय.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पायाचा दाब तेलामार्फत पोहोचतो. पेडलजवळील मास्टर सिलिंडरचा दट्ट्या तेल ढकलतो. ते नळीवाटे गिअरबॉक्सजवळील स्लेव्ह सिलिंडरात जाऊन तेथील दट्ट्या पुढे सारते. तेल दाबाने आकसत नाही, हवा आकसते. म्हणून नळीत हवा शिरली, की पायाचे बळ तिला दाबण्यातच खर्ची पडते.

प्रथम टाकीतील तेल पाहावे. पातळी बरीच उतरली असल्यास गळती शोधावी. पेडलच्या मुळाशी ओल असेल तर दोष मास्टर सिलिंडरचा. स्लेव्हच्या रबरी टोपीखाली ओल असेल तर दोष त्याचा. बाहेर सर्व कोरडे असूनही दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टरमधील रबरी सील बहुधा झिजलेले असते. सील बदलावे, मात्र सिलिंडरला आतून चरे वा गंज असल्यास तो नवाच घालावा.

दुरुस्तीनंतर हवा काढणे आवश्यक आहे. स्लेव्हच्या ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबावे, दुसऱ्याने ब्लीडर सैल करावा, आणि पेडल सोडण्यापूर्वी तो घट्ट करावा. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे व टाकी रिकामी होऊ देऊ नये. उत्पादकाने सांगितलेलेच तेल, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, बंद डब्यातून घ्यावे. ते हवेतील ओलावा शोषते. इंजिनचे तेल चुकूनही घालू नये, त्याने रबर फुगते.

कित्येक व्हॅनमध्ये क्लच व ब्रेक यांना एकाच टाकीतून तेल मिळते. तेथे उतरलेली पातळी ब्रेकचीही सूचना समजावी. रोज थोडे तेल ओतून दिवस काढण्यात शहाणपण नाही. त्या गाडीत आपलीच मुले बसावयाची असतात.